रक्तवाहिनी म्हणजे नळ नव्हे, आणि बीपीची गोळी हाडांतलं कॅल्शियम चोरत नाही

रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रक्तवाहिन्या म्हणजे नळ, त्यांत कॅल्शियम साचतं म्हणून बीपी वाढतं. ‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ गोळी शरीरातलं कॅल्शियम अडवते, त्याने हाडं पोकळ होतात. तिची सवय लागते ती वेगळीच. म्हणून गोळी सोडा आणि नैसर्गिक उपायाने ‘बंद पडलेले चॅनल उघडा’. हे वाचून परस्पर गोळी बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

नळाची उपमा घेतली की पुढचं सगळंच घसरतं. थर साचतात ते मुख्यतः मोठ्या आणि मध्यम धमन्यांत. वयानुसार त्या कडक होतात आणि बीपीचा वरचा आकडा चढतो, एवढं खरं. पण रक्ताला सर्वाधिक विरोध होतो तो अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक धमन्यांत, आणि त्या क्षणाक्षणाला आवळतात, सैल होतात. त्रिज्या १० टक्क्यांनी घटली तर विरोध ५२ टक्क्यांच्या आसपास वाढतो, कारण इथे त्रिज्येचा चौथा घात लागू होतो. त्यासाठी आत काही साचावं लागत नाही, भिंतीतला स्नायू जरासा आवळला तरी पुरतं.

या स्नायूला सैल हो म्हणून सांगतं कोण? वाहिनीचं आतलं अस्तर, एंडोथेलियम. जाडी फक्त एका पेशीची. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर दाखवलं की अस्तर शाबूत असेल तर अॅसिटिलकोलिन या रसायनाने तुकडा सैल होतो, अस्तर खरवडलं तर होत नाही. अस्तर जो निरोप धाडतं तो नायट्रिक ऑक्साइड वायूचा, हे पुढे कळलं आणि १९९८ मध्ये फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळालं. ज्याला आपण नळ म्हणतो, त्याला आतून असं बोलणारं अस्तर आहे!

आता कॅल्शियमकडे येऊ, कारण खरा घोटाळा तिथेच आहे. आयन चॅनल म्हणजे पेशीच्या आवरणात बसलेलं प्रथिनाचं दार. अस्तराच्या पेशींत पिएझो१, टीआरपीव्ही४ अशी दारं असतात. पिएझो१ तर वाहत्या रक्ताच्या घर्षणाने उघडतं. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असतं, त्यामुळे दार किलकिलं झालं तरी ते आत धावतं. मग नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. शिवाय पोटॅशियमची दारं उघडतात, अस्तराचा विद्युतभार बदलतो, तो बदल जोडणीतून शेजारच्या स्नायूपर्यंत पोचतो आणि स्नायूची कॅल्शियमची दारं मिटतात. म्हणजे अस्तरात कॅल्शियम शिरलं की वाहिनी सैल होते, स्नायूत शिरलं की आवळते. कॅल्शियम तेच, दार कुठलं यावर सगळं ठरतं. ‘कॅल्शियम वाईट’ हे वाक्य इथे निरर्थक आहे.

ही अस्तराची दारं बिघडली तर? अस्तरातलं पिएझो१ काढून टाकलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढलेला आढळला. लठ्ठ उंदरांत टीआरपीव्ही४ मंदावतं आणि दाब चढतो, असंही दिसलं आहे. अर्थात माणसाच्या उच्च रक्तदाबात मूत्रपिंड, मीठ, संप्रेरकं, आनुवंशिकता यांचाही मोठा वाटा असतो. सगळं खापर अस्तरावर फोडणंही चूकच.

मग अॅम्लोडिपिनसारखी ‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ गोळी काय करते? ती मुख्यतः रक्तवाहिनीच्या स्नायूतलं ‘एल’ प्रकारचं दार रोखते, अस्तराची ही दारं नव्हे. आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं ते मुख्यतः वेगळ्याच वाटांनी, आणि रक्तातली पातळी सांभाळतात पॅराथायरॉइड ग्रंथी आणि ड जीवनसत्त्व. या गोळीने हाडं पोकळ होत नाहीत. घोट्यांना सूज मात्र येऊ शकते, आणि ती तक्रार खरी आहे: बारीक धमन्या रुंदावतात, शिरा तितक्या नाही, केशवाहिन्यांतला दाब वाढून द्रव बाहेर झिरपतो. ते डॉक्टरांना सांगावं, मात्रा किंवा औषध बदलता येतं.

सवयीचा मुद्दा छोटा आहे. गोळी थांबवल्यावर बीपी पुन्हा चढतं, कारण मूळ बिघाड तसाच असतो. त्याला व्यसन म्हणत नाहीत. आणि हा चढ बहुतेकदा जाणवतही नाही.

राहिला ‘चॅनल उघडा’चा सल्ला. टीआरपीव्ही४ उघडणारं रसायन प्राण्यांच्या रक्तात सोडून पाहिलेलं आहे. सगळ्या शरीरातली दारं एकदम उघडली, फुप्फुसांतल्या वाहिन्या गळू लागल्या आणि रक्ताभिसरण कोसळलं. म्हणून आता काही संशोधक ही दारं सरसकट उघडण्याऐवजी, लठ्ठपणात दाराभोवतीच्या प्रथिनांची जी जुळणी बिघडते ती तेवढ्याच जागी दुरुस्त करता येईल का, हे तपासत आहेत.