विलंब त्यांचा, दंड मात्र आमचा

गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील औषध कारखान्यांना लागणारे स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह कोरियातून आणून पुरवणे हा माझा व्यवसाय आहे आणि कस्टमच्या क्वेरींना, म्हणजे मालाबद्दलच्या शंकांना, उत्तरे देणे हा माझ्यावर लादलेला दुसरा, बिनपगारी व्यवसाय आहे.

सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ मध्ये २०११ साली बदल झाला आणि स्वयंमूल्यांकन आले. म्हणजे मालाचा वर्गवारीचा आठ अंकी कोड, शुल्काचा दर आणि सवलत हे सारे आयातदारानेच ठरवून बिल ऑफ एन्ट्रीत, म्हणजे कस्टमकडे द्यायच्या आयातीच्या विवरणपत्रात, भरायचे. सरकारचा आपल्यावर केवढा विश्वास, असे वाटून कुणालाही भरून यावे! प्रत्यक्षात ठरवायचे मी, मान्य करायचे दुसऱ्याने, आणि त्याला पटले नाही तर संशय माझ्यावर.

हा दुसरा कोण, हेही मला कळत नाही. २०२० पासून मूल्यांकन फेसलेस, म्हणजे समोरासमोर न येता ऑनलाइन, झाले, त्यामुळे माझे बिल देशातल्या कुठल्याही शहरातील अधिकाऱ्यापुढे जाते. त्यामागचा हेतू चांगला आहे, टेबलाखालचे व्यवहार थांबायलाच हवेत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण तोच पुरवठादार, तोच व्हॉल्व्ह, शुल्काच्या यादीतले तेच ८४८१ शीर्षक, मागची खेप अवाक्षर न काढता सुटलेली, आणि या वेळी मात्र आधी कॅटलॉग हवा, तो दिल्यावर तांत्रिक आराखडा हवा, आणि तोही दिल्यावर मालाचा वापर कशासाठी होणार याचा खुलासा हवा. हे सगळे एकदम विचारले तर काय बिघडेल? सीएचए, म्हणजे कस्टमचे काम बघणारा माझा एजंट, फोनवर थंडपणे सांगतो, "साहेब, परत क्वेरी पडली," आणि इकडे फ्री डेज, म्हणजे बिनभाड्याचे दिवस, संपून कंटेनर अडकल्याचे शिपिंग लाइनचे डिटेन्शन आणि माल पडून राहिल्याचे बंदराचे डिमरेज, दोन्ही मीटर पळू लागतात.

माझ्या विलंबाला मात्र कायद्याने चोख दर लावलेला आहे. जहाज लागण्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरीपर्यंत, सुटी धरून, मग ती गणेश चवथ असो वा रविवार, बिल दाखल झाले नाही तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये. शुल्क भरायला उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. अधिकाऱ्याने उत्तर वाचायला लावलेल्या दिवसांचा दर मला कुठल्याही नियमात सापडलेला नाही.

कोरियाशी असलेल्या व्यापार कराराची शुल्कसवलत घ्यावी म्हटले, तर २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेले कॅरोटारचे, म्हणजे माल खरोखर त्याच देशात बनला हे तपासण्याचे, नियम आडवे येतात. तिथल्या सरकारमान्य संस्थेचे मूळ देशाचे प्रमाणपत्र पुरेसे नाही. माल तिथे कसा बनला आणि मूल्यवर्धन कसे मोजले याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ बाळगायची आणि ती पाच वर्षे जपायची. मी पुरवठादाराला खर्चाची फोड मागितली, तेव्हा त्याने अत्यंत सभ्य शब्दांत विचारले की स्वतःचा नफा गिऱ्हाइकाला सांगण्याची पद्धत तुमच्याकडे आहे का. मी काय उत्तर देणार? पूर्ण शुल्क भरून मोकळा झालो.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड, याची गंमत तर वेगळीच. काहीही बदललेले नसले तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात 'काही बदललेले नाही' असे ऑनलाइन कळवायचे, अन्यथा कोड निष्क्रिय.

माझी मागणी कायदा शिथिल करण्याची नाही. प्रश्न एकाच वेळी विचारा, उत्तर वाचायला मुदत बांधून घ्या, आणि ती उलटली तर त्या दिवसांचे डिमरेज तुम्ही सोसा. आज सकाळी आलेली ताजी क्वेरी अशी आहे: व्हॉल्व्ह हाताने चालतो की यंत्राने? ई-संचित या कस्टमच्या ऑनलाइन कागदपत्र-प्रणालीवर चढवलेल्या कॅटलॉगच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, हे छापलेले आहे.