घरात बाळंतीण आहे? मग बोलायला लागा!

तुमच्या सुनेचे दिवस भरत आले असतील तर आधी तुमचं अभिनंदन. आता वर्षभर तरी तुम्हाला पदवीशिवाय डॉक्टरकी करता येईल, आणि पेशंट उलट बोलणार नाही. अशी संधी रोज येत नसते.

सुरुवात डोहाळजेवणापासून करू. ते दणक्यात झालंच पाहिजे. फुलांची वाडी, चंद्रावरची बैठक, बर्फी की पेढा, फोटोवाला, सगळं. त्या दिवशी तिला इतका आग्रह करा, की उरलेल्या दोनशे एकोणऐंशी दिवसांत तिच्या ताटात काय पडतंय हे कुणाला बघावं लागू नये. एरवी ती सगळ्यांची जेवणं उरकल्यावर खरवडलेल्या पातेल्यातलं खातेच. आजींनी म्हणावं, ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं जेव.’ आत्यांनी म्हणावं, ‘कमी खा, पोर मोठं झालं की अडतं.’ तिने दोघींचंही ऐकावं.

सरकारी दवाखान्यातून लाल गोळ्या मिळतात, १८० दिवस रोज एक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, म्हणून डॉक्टर या गोळ्यांच्या मागे लागतात. तुम्ही लागू नका. गोळीने शी काळी होते, तेव्हा पोरही काळं होणार, हे तर्काला धरूनच आहे. शिवाय केशराचं दूध चालू आहे, त्यावर पाणी पडायला नको. अगदीच हट्टाला पेटली तर गोळी चहाबरोबर द्या. चहाने लोह अंगी लागत नाही, म्हणजे डॉक्टरांचाही मान राहिला आणि तुमचाही. लिंबूपाणी मात्र चुकूनही नको, त्याने गोळी लागू पडते.

चिरंजीवांसाठी एकच सूचना. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. तिथे तिला गाडीवरून सोडावं आणि स्वतः बाहेर टपरीवर थांबावं. आत गेलात तर डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज हे वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण असू शकतं, असलं काहीबाही कानावर पडेल. मग रात्री अकरा वाजता ‘तुझं रोजचंच आहे’ म्हणून कूस बदलता येणार नाही.

आता बाळ झालं. नर्स म्हणेल, पहिल्या तासातच अंगावर घ्या, चीक वाया घालवू नका. हसून मान हलवा आणि तो पिळून टाकायला लावा. पिवळा, चिकट, बाळाला जड. गाईच्या चिकाची गोष्ट वेगळी. त्यासाठी गवळ्याला चार दिवस आधी सांगून ठेवायचं, वेलची-जायफळ घालून कुकरला वाफवायचं, वड्या पाडायच्या आणि खरवस म्हणून वाटीवाटीने शेजारी पोचवायचा, ‘पौष्टिक असतो हो’ म्हणत. तो वासराचा असतो, पण वासराच्या आजीला कोण विचारतंय. आपल्या बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातल्या जंतूने पोर लुळं पडू शकतं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पण सोनं शुद्ध आहे ना?

तिसऱ्या दिवशी आशाताई येईल. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. हे खूळ आपल्याच गडचिरोलीतलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथे गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं तपासायला लावली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, की त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आता एवढं झाल्यावर आत्यांच्या अनुभवाला काय किंमत राहिली?

आमच्याकडे आली होती तशी एक. आल्या आल्या साबण मागितला. कोपरापर्यंत हात धुतले, ते झटकून वाळवले. मग झोळीचा काटा काढला, बाळाला अलगद झोळीत ठेवलं आणि म्हणाली, ‘दोन किलो सहाशे.’ आत्या कडाडल्या, ‘आकडा मोठ्याने काय सांगतेस, दृष्ट लागेल!’ तिने बाळाच्या डोळ्यांतलं काजळ बघितलं, नाळेवरची हळद बघितली, वहीत काहीतरी लिहिलं. मग खाली मान घालूनच वहिनीला विचारलं, ‘ताई, शेवटचं झोपलात कधी?’

वहिनी एकदम रडायलाच लागली. आठ माणसांच्या घरात तोवर हे कुणी विचारलं नव्हतं. आत्या म्हणाल्या, ‘बघा, बाहेरचं माणूस आलं की रडवून जातं.’ सातव्या दिवशी आम्ही आशाताईला दारातूनच चहा पाजून वाटेला लावलं.

रात्रीचा प्रश्न सोपा आहे. बाळाच्या बापाला सकाळी कामावर जायचं असतं, त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घाला. तिला काय, नोकरीतून २६ आठवड्यांची सुट्टी, कायद्यानेच २०१७ पासून. सुट्टीच म्हणायचं, रजा म्हटलं की काम केल्यासारखं वाटतं. तो केंद्र सरकारी नोकरीत असेल तर त्यालाही १५ दिवस मिळतात. ते बारशाचा हॉल बघण्यात, केटररशी घासाघीस करण्यात आणि उरले तर क्रिकेटमध्ये सत्कारणी लागतात.

रात्री तीन वाजता बाळ रडलं, की आपापल्या अंथरुणातूनच सगळ्यांनी एकसुरात म्हणावं, ‘तुझं दूध पुरत नसेल.’ उठू नये. पहिल्या दिवशी ती दुर्लक्ष करेल, चौथ्या दिवशी तिलाही तसंच वाटायला लागेल. पाचव्या दिवशी वरच्या दुधाचा डबा आणा. बाळाला सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, हे तिने कुठेतरी वाचलेलं असतं, पण वाचलेलं तीन वाजता कुठे आठवतं?

डिंकाचे लाडू शंभर तरी करा. पाहुणे फार येतात.

मग बारसं. बाया पाळण्याखालून गोविंद घेतील, गोपाळ घेतील, आणि बाळंतीण पाटावर बसल्या बसल्या पेंगेल. तिला कोपराने ढोसा, फोटोत डोळे मिटलेले येतात. कानात नाव सांगायला आत्या वाकतील आणि सगळ्या मिळून त्यांच्या पाठीत धपाटे घालतील. संध्याकाळी आत्यांची पाठ भरून येईल. बाळंतिणीच्या कमरेखाली गरम पाण्याची पिशवी आहे, ती काढून त्यांना द्या.