व्यापारी राजकारणात आला की वाटोळंच होतं का?

परवा मिसळ खाताना दुसऱ्यांदा कट मागवत एक मित्र म्हणाला, "व्यापारी नगरसेवक झाला की संपलं. टेंडरवरच डोळा." मी कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याचा पोरगा. झोंबलं. कारण तो फार चुकीचं बोलत नव्हता.

तरी म्हटलं, भावा, नाना शंकरशेट माहीत हाईत काय? "ते रेल्वेवाले?" बास, तेवढंच.

1803 चा जन्म, सोनाराचं घर, वडिलांचा धंदा ऐन तारुण्यात अंगावर पडलेला. अरब आणि अफगाण व्यापारी आपला पैसा बँकेत ठेवण्यापेक्षा नानांकडे ठेवायचे म्हणे. आमच्या पेठेत आजही माणसाची किंमत यावरच ठरते, की पावती न घेता रोकड कुणाच्या हातात द्याल? नानांनी ही पत सार्वजनिक कामात उतरवली. मुंबईत मुलींची शाळा निघाली तेव्हा शिव्या खाऊन स्वतःच्या वाड्यात जागा दिली. सोनापूरची स्मशानभूमी गावाबाहेर लांब हलवायचा सरकारी बेत होता, त्यालाही ते आडवे आले. मला हे रेल्वेपेक्षा मोठं वाटतं. मयत घेऊन मैलोन् मैल चालायचं म्हणजे काय, हे गरिबालाच विचारा.

1852 मध्ये लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी बॉम्बे असोसिएशन ही संस्था काढली, पुढे मुंबईच्या विधिमंडळातही बसले. रेल्वेचं म्हणाल, तर 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे 21 मैल गाडी धावली, त्यामागच्या खटपटीत ते होतेच. आपल्या कोल्हापूरला गाडी यायला 1891 उजाडलं.

आता कुणी म्हणेल, ते इंग्रजांच्या मर्जीतले, मोठ्या घरचे. असतील की. पण धंद्यातला पैसा वाड्यातून शाळेत गेला, शाळेतून वाड्यात आला नाही. आमच्याकडच्या काही मंडळींचा प्रवास नेमका उलटा. निवडून यायच्या आधी दुकान एक, पाच वर्षांनी गाळे चार. मतदारही तेच बघून "लई कर्तबगार माणूस" म्हणतो, हे त्याहून वाईट.

हे सगळं रात्री आण्णांना वाचून दाखवलं. चोपडीत दिवसाच्या सौद्याचे आकडे उतरवत होते. चष्मा वर करून एवढंच विचारलं, "हे सगळं करताना त्यांचं दुकान कोण बघत हुतं?"