संस्कार नंतर, आधी व्हिसा

'बाहेर गेले आणि संस्कार सुटले' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता समोरच्याने सुस्कारा टाकला तरी पुढचं कळतं. नातवंडांना आजीची भाषा येत नाही, मुलीने दुसऱ्याच वंशाच्या मुलाशी लग्न केलं, म्हातारे मागे एकटे राहिले. सगळ्याचं खापर संस्कारांवर. मला हे पटत नाही. स्थलांतरित कुटुंब कसं दिसेल हे घरात कमी आणि व्हिसाच्या खिडकीवर जास्त ठरतं.

कॅलिफोर्नियातल्या पंजाबी-मेक्सिकन घरांचंच बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातले शेतकरी तिथे पोचले. बहुतेक शीख, जवळजवळ सगळे एकटे पुरुष. १९१७ च्या कायद्याने भारतातून येणाऱ्यांची वाट बंद केली, त्यामुळे गावाकडची बायको आणणं संपलं. गोऱ्या बाईशी लग्न करायला तिथला वंशभेदी विवाह कायदा आड येई. तो १९४८ पर्यंत टिकला. मग इंपीरियल व्हॅलीत वगैरे शेतांवर राबणाऱ्या मेक्सिकन बायकांशी त्यांची लग्नं झाली. कारकुनाला दोघंही सारखेच सावळे दिसायचे, परवाना मिळून जायचा! मुलांची नावं स्पॅनिश आणि आडनाव सिंग. घरात आईची भाषा, धर्मही बहुधा आईचा. बाप पंजाबी विसरला नव्हता, पण तो दिवसभर शेतात. मूल ज्याच्या अवतीभवती वाढतं त्याची भाषा उचलतं, यात विश्वासघात कसला? पुढे १९४६ मध्ये कायदा सैल झाला, पंजाबातले नातलग येऊ लागले आणि त्यांतल्या काहींना ही घरं 'आपली' वाटेनात. कायद्याने जोडलेल्या संसारांवर नावं ठेवायला नातलग हजर!

जर्मनीत उलटा प्रकार घडला. १९६१ च्या करारानुसार तुर्की कामगार आले ते 'पाहुणे' म्हणून, काही वर्षं राबून परत जायच्या बोलीवर. १९७३ मध्ये सरकारने नवी भरती थांबवली. हेतू असा, की परदेशी माणसं कमी व्हावीत. पण कामगारांनी साधा हिशेब केला: आता गेलो तर पुन्हा आत घेणार नाहीत. म्हणून ते थांबले आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. दार लावायला गेले आणि अख्खी कुटुंबं आत आली. मला या गोष्टीचं हसूही येतं आणि त्या कामगारांचं कौतुकही वाटतं.

हे जुनं झालं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये परदेशी जोडीदाराला आणायची मिळकतीची अट एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला १८,६०० पौंडांवरून थेट २९,००० वर गेली. या दोन आकड्यांच्या मधला पगार असलेल्या माणसाने मार्चमध्ये अर्ज केला तर नवराबायको एका घरात, मेमध्ये केला तर फोनवर. त्यांचं मूल पुढे बापाला परक्यासारखं वागवू लागलं, तर आपण पुन्हा संस्कारांवरच बोलणार.

अर्थात घरात काहीच घडत नाही असं नाही. सगळ्यात मोठी उलथापालथ भाषेमुळे होते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मुलं शाळेत नवी भाषा पटकन शिकतात, आईबाप मागे राहतात. मग बँकेचं पत्र, घरमालकाशी वाद, शाळेतली स्वतःचीच तक्रार, सगळ्याचा दुभाषा दहा वर्षांचं पोर. आईबापांचा वचक कमी होतो तो पोर उद्धट झाल्यामुळे नाही. घराबाहेरच्या जगाची किल्ली त्याच्या खिशात असते म्हणून. काही मुलं यातून लवकर शहाणी होतात, काही आतून दमतात. बरीचशी दोन्ही.

एकदा दवाखान्यात माझ्या शेजारी अशी मायलेकरं बसली होती. डॉक्टर बराच वेळ बोलले. मला त्यांची भाषा कळत होती, आईची कळत नव्हती. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि आईला जेमतेम तीन शब्दांत सांगितलं. ती हसली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो मात्र जमिनीकडे बघत होता.