सायलेन्सर मोकळा केला म्हणून घाटात गाडी चढत नाही

सध्या एक मेसेज गावोगावच्या ग्रुपांवर फिरतोय. पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) काढा, जाड नळी आणि फ्री-फ्लो, म्हणजे धूर कमी अडवणारा, सायलेन्सर टाका. खालचा पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज वाढतं, पीयूसीलाही अडचण नाही. तो बीडला माझ्या धाकट्या भावापर्यंत पोचला. मांजरसुंब्याच्या घाटात त्याची १२०० सीसीची गाडी दम टाकते, म्हणून लगेच फोन, "दादा, टाकून घेऊ का?"

नको. एका सिलिंडरचा धूर नळीतून वेगात गेला की त्याच्या मागं दाब कमी होतो आणि पुढच्या सिलिंडरचा धूर ओढला जातो. गरजेपेक्षा जाड नळीत कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन सावकाश फिरताना, हा वेगच राहत नाही. म्हणजे चढावर जिथं ताकद पाहिजे, तिथंच ती घटते. वाढतो तो आवाज, आणि आवाजामुळं गाडी पळाल्यासारखी वाटते. तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ६०चा वेळ आधी आणि नंतर मोजा, कळेल.

एवढं मान्य करतो, की नीट मापाचा फोर-टू-वन हेडर (चार सिलिंडरच्या नळ्या एकीत आणणारा जोड) आणि त्याला जुळवलेलं ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंग असेल तर कमी आणि मधल्या आरपीएमला थोडा फरक पडतो. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोनंतरची धुराची नळी मोकळी केल्याचाही फायदा होतो. पण मेसेजात हे कुठंच नाही. त्यात वेल्डिंगवाल्याकडं जा म्हटलंय.

खरा संताप कन्व्हर्टरवरून आहे. म्हणे, "तो फक्त सरकारी नियमासाठी लावलेला असतो." अरे, त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा थर असतो. तिथं कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. जाळी काढली की हा विषारी वायू जसाच्या तसा बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. गाडीखालच्या कच्च्या वेल्डिंगला चीर राहिली तर तो आतही शिरू शकतो. काचा बंद, एसी चालू, मागच्या सीटवर लेकरं झोपलेली. "काढायचे पैसे घेत नाहीत" असंही लिहिलंय. कसे घेतील? त्या धातूंना भंगारात चांगला भाव मिळतो, जुना कन्व्हर्टर वेल्डिंगवाल्याकडंच राहतो.

अ‍ॅव्हरेज वाढत नाही. कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर बिघाड दाखवतो, चेक इंजिनचा दिवा पेटतो. पीयूसीचं म्हणाल तर बीएस-४ (प्रदूषणाचा सरकारी निकष) आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. कन्व्हर्टरशिवाय ती पाळणं अवघड.

आणि कायदा वाचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. कलम १८२ए(४) प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

भावाला सांगितलंय, आधी एअर फिल्टर उघड, क्लच तपासून घे. आणि हौसेनं टाकलेले मोठे टायर काढून कंपनीच्या मापाचे घाल. टायर मोठा झाला की चाकाला मिळणारा जोर कमी पडतो, आणि चढावर तेच जाणवतं.