करंडक हवा असेल, तर आधी कोच घालवा

फायनल हरल्यावर रडत बसू नये. रडण्याची सोय वाटेत आहे. फातोर्ड्याच्या स्टेडियमपासून मडगावच्या कदंबा स्टँडपर्यंत चालत गेलं की तेवढ्यात उरकतं. बस लागली, खिडकीची जागा मिळाली, की कामाला लागावं. काम एकच: हा कोच कधी जातोय, आणि त्याच्या जागी कोण येतोय.

तुम्ही एफसी गोवाचे नवे पाठीराखे असाल, भाच्यानं केशरी जर्सी आणून दिली म्हणून परवाच भरती झाला असाल, तर हे चार शब्द तुमच्यासाठी. आम्ही २०१४ पासून, म्हणजे क्लबाच्या जन्मापासून, ही सेवा करत आहोत. कोच म्हणून झिको पाहिला, लोबेरा पाहिला, फेरांडो पाहिला, पेन्या पाहिला, मानोलो पाहिला. या प्रत्येकाला आम्ही फुटबॉल शिकवला, स्टँडमधून, ओरडून. एकानंही ऐकलं नाही. परिणाम समोर आहे. आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, दोन फायनल खेळलो, दोन्ही हरलो.

सुरुवात घड्याळापासून करा. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, समोर मातेराझी कोच असलेली चेन्नईयिन. ८७व्या मिनिटाला जोफ्रेनं गोल केला आणि आपण २-१ पुढं. माझ्या शेजारच्या पात्रांवनं तेवढ्यात घरी फोन लावला, ‘बांगडे तळायला घे’ म्हणून. ९०व्या मिनिटाला चेंडू आपल्याच गोलरक्षकाच्या हाताला लागून जाळ्यात गेला. भरपाई वेळेत मेंडोझानं आणखी एक मारला. २-३. बांगडे तळून झाले होते म्हणे, पण त्या घरात त्या रात्री ताटं मांडली गेली नाहीत. सामन्यानंतर मैदानावर जी धक्काबुक्की झाली, तिची मजल पोलीस ठाण्यापर्यंत आणि पुढं क्लबाला झालेल्या कोट्यवधींच्या दंडापर्यंत गेली. तात्पर्य, पाचवी पुजायच्या आधी बारशाचे पेढे वाटू नयेत.

हे आम्ही २०१५ मध्ये शिकलो असं वाटत असेल, तर २४ एप्रिल २०२४ आठवा. उपांत्य फेरी, फातोर्डाच, मुंबई सिटीविरुद्ध ९०व्या मिनिटापर्यंत आपण २-० पुढं. मग छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे. पुन्हा २-३. पुढच्याच वर्षी, ६ एप्रिल २०२५ ला, बंगळुरूची पहिल्या सामन्यातली दोन गोलांची आघाडी आपण मोठ्या कष्टानं फेडली, आणि भरपाई वेळेत सुनील छेत्रीनं डोकं लावलं. फुटबॉल नव्वद मिनिटांचा खेळ आहे, हे इतरांसाठी. आपण एकोणनव्वद खेळतो. उरलेला वेळ चेन्नई, मुंबई आणि बंगळुरूसाठी राखीव असतो. पाहुण्याला घासातला घास काढून द्यायची रीत आहे आपली.

२०१९ च्या फायनलबद्दल मात्र जपून बोला. १७ मार्च, मुंबईत अंधेरीला, समोर बंगळुरू. गोव्याहून रात्रभर प्रवास करून गेलेली पोरं स्टेडियममध्ये बसली होती आणि पणजीहून पर्रीकर गेल्याची बातमी आली. आपला जाहू लाल कार्ड घेऊन बाहेर, आपण दहा जण, जादा वेळ, आणि ११७व्या मिनिटाला कॉर्नरवरून बंगळुरूच्या राहुल भेकेचं हेडर. मारणाराही मुंबईचाच मराठी पोरगा. त्या रात्रीची थट्टा आमच्याकडे कुणी करत नाही. तुम्हीही करू नका.

बाकी रात्री मोकळ्या आहेत. आता दोष कुणाला द्यायचा ते पाहू. खेळाडूला देता येत नाही, कारण गोवा लहान आहे. ज्या लेफ्ट बॅकला तुम्ही गांधी मार्केटात चारचौघांत शिव्या घालाल, त्याची मावशी तिथंच बांगड्यांचा वाटा लावून बसलेली निघेल. गोलरक्षकाबद्दल बोलावं तर त्याचा चुलता तुमच्या बायकोच्या ऑफिसात हेडक्लार्क. मालकांबद्दल बोलावं तर कुणाचा ना कुणाचा पोटापाण्याचा प्रश्न येतो. कोच मात्र स्पेनचा असतो. त्याचा मामा मार्दोळच्या जत्रेत भेटत नाही. म्हणून कोच.

स्पेनचाच का, असं विचारू नका. लोबेरा, फेरांडो, पेन्या, मानोलो, सगळे तिकडचेच. साडेचारशे वर्षं पोर्तुगीज राहून गेले, आता शेजाऱ्यांनाही संधी द्यायला नको का?

कोच घालवायचा तर योग्य वेळी घालवावा, आणि योग्य वेळ म्हणजे सगळं सुरळीत चाललेलं असताना. या बाबतीत आमच्या क्लबानं जो धडा घालून दिला आहे, त्याला तोड नाही. सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये आला तेव्हा आधीच्या मोसमात आपण शेवटून पहिले होतो. यानं येऊन पोरांना चेंडू पायात ठेवायला शिकवलं. कोरो या आपल्या स्ट्रायकरनं दोन मोसमांत १८ आणि १६ गोल करून सर्वाधिक गोलांचा सोन्याचा बूट दोनदा नेला. फायनल गाठली, सुपर कप जिंकला. लोक कामावरून लवकर सुटून सामन्याला यायला लागले. आता इतकं झाल्यावर काय करायचं? ३१ जानेवारी २०२० ला, लीगचे अवघे तीन सामने उरलेले असताना, त्याला निरोप दिला.

आणि गंमत पाहा, त्यानं लावलेल्या झाडावरून हंगामी कोच क्लिफर्ड मिरांडानं तिन्ही सामने जिंकून आंबे उतरवले. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला ५-० हरवून लीगमध्ये पहिलं आल्याची शिल्ड घरी आणली. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब, तोही आपला. मग उपांत्य फेरीत चेन्नईयिननं दोन सामन्यांत मिळून ६-५ असं हरवलं. आमच्या स्टँडमध्ये लगेच दोन मतं झाली. शिल्ड मिळाली ती लोबेराला काढल्यामुळे, आणि करंडक गेला तोही लोबेराला काढल्यामुळे. दोन्ही मतं एकच माणूस एकाच प्याल्यात मांडत होता. आम्ही दोन्हींना मान डोलावली. तुम्हालाही हे जमायला हवं.

लोबेरा मुंबई सिटीला गेला. एकटा नाही गेला. फॉल, जाहू, बुमूस आणि आपला मंदार राव देसाई हे खेळाडूही त्याच वाटेनं गेले. करोनामुळे तो सगळा मोसम गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर. उपांत्य फेरीत मुंबईनं बांबोळीला आपल्याला पेनल्टींवर ६-५ बाहेर काढलं आणि १३ मार्च २०२१ ला लोबेरानं करंडक उचलला. कुठं? फातोर्ड्यात. आम्ही घरात टीव्हीसमोर. ज्या मैदानावर हा माणूस आमच्यासाठी करंडक उचलेल म्हणून तीन वर्षं घसा फोडला, तिथंच त्यानं तो उचलला. एवढंच, की आमच्यासाठी नाही.

इथं एक तत्त्व हाती लागतं, ते वहीत उतरवून घ्या. पुढच्या वर्षीची फायनल, २० मार्च २०२२, पुन्हा फातोर्डा. हैदराबादनं केरला ब्लास्टर्सना पेनल्टींवर हरवलं. हैदराबादचा कोच मानोलो मार्केझ. तो २०२३ मध्ये आपल्याकडे आला. त्या फायनलच्या पुढची, १८ मार्च २०२३, तिसऱ्यांदा फातोर्डा. मोहन बागाननं बंगळुरूला पेनल्टींवर हरवलं. त्यांचा कोच हुआन फेरांडो. हाच फेरांडो डिसेंबर २०२१ पर्यंत आपला होता, ऐन मोसमात करारातल्या कलमाचे पैसे भरून त्यांनी उचलून नेला. म्हणजे ओळीनं तीन वर्षं फातोर्ड्यात आयएसएलचा करंडक गोव्याच्या कोचनंच उचलला. वेळेचंच काय ते थोडं मागंपुढं झालं. एक गेलेला, एक यायचा, एक गेलेला.

तेव्हा करंडक हवा असेल तर उपाय सोपा आहे. मानकुराद जसा झाडावरून उतरवून गवतात घालून पिकवतात, तसा कोच दुसऱ्याच्या क्लबात घालून पिकवावा. फक्त पिकला की आपण वास घेतो आणि फोड त्यांच्या ताटात जाते, एवढी अडचण आहे. त्यावर अजून तोडगा निघालेला नाही.

कुणी तुम्हाला सांगेल की हे तत्त्व चुकीचं आहे. ड्युरँड कप मिळाला, सुपर कप तीनदा मिळाला, आणि त्यातला तिसरा तर डिसेंबर २०२५ मध्ये इथंच फातोर्ड्यात, ईस्ट बंगालला पेनल्टींवर हरवून, मानोलो आपलाच कोच असताना. असल्या माणसाशी वाद घालू नका. त्याला चहा सांगा, पातळभाजी-पाव सांगा आणि विषय बदला. जिंकलेले सामने चर्चेला फार वाईट. दोन मिनिटांत संपतात. २०१५ ची ती शेवटची पाच मिनिटं मात्र दहा वर्षं पुरलीयत.

नवा कोच शोधायला बसलात की पहिली सूचना ‘गोंयकार आण रे’ अशी येईल. तिला जोरात टाळ्या वाजवा. आर्मांडो कुलासोंनी धेंपोला पाच वेळा देशाचं अजिंक्यपद मिळवून दिलं, हे सांगा. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, धेंपो, साळगांवकर, स्पोर्टिंग या गोव्याच्या जुन्या क्लबांची नावं निघाली की आमच्याही येतं. फेरांडो गेल्यावर खरंच डेरिक परेराकडे संघ आला, मोसमाच्या मधोमध, दुसऱ्यानं अर्धवट टाकलेल्या स्वयंपाकासारखा. नववे आलो. तेव्हा तीच मंडळी त्याच टेबलावर म्हणाली, ‘घरचा माणूस रे, पोरांवर वचक राहत नाही.’ क्लिफर्डनं तर पुढं ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. तेव्हा आम्ही अभिमानानं छाती फुगवली. तो आपल्याकडे कायमचा का नाही राहिला, हे कुणी कुणाला विचारलं नाही. गोंयकार कोच गोव्याबाहेर असला की फार मोठा वाटतो.

मोठ्या नावांच्या मागं लागायचं असेल तर दिल्लीकडून शिका. मानोलो काही काळ आपल्यासोबत देशाचाही संघ सांभाळत होता. एका म्यानात दोन संघ. देशासाठी ८ सामने, १ विजय. जुलै २०२५ मध्ये ती खुर्ची रिकामी झाली आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे १७० अर्ज आले. त्यात एक बार्सिलोनाच्या चावीच्या नावाचा, एक पेप गार्डिओलाच्या नावाचा. बातमी पसरली की चावी परवडण्यासारखा नाही म्हणून नाव मागं पडलं. लगोलग महासंघानं कळवलं की ते अर्ज खरे नव्हतेच. म्हणजे जो आलाच नव्हता त्याला आपण महाग म्हणून परत पाठवलं. स्थळ सांगून येण्याआधीच ‘मुलगी उंच आहे, जमणार नाही’ असा निरोप धाडणारे वरपिते आपल्याकडे असतातच. पण एखादी व्यक्ती बार्सिलोनाला फोन करून ‘बाबा, अर्ज तूच केलास ना?’ असं विचारू शकली असती, ही कल्पना मला रात्री अजून जागं ठेवते.

शेवटी खालिद जमील आले. तेरा वर्षांनी भारतीय कोच. मध्य आशियाच्या काफा स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरे आलो, देशभर आनंद. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला आशियाई कपाच्या पात्रतेचा सामना सिंगापूरशी. आधी आघाडी घेतली, मग १-२ हरलो, स्पर्धेतून बाहेर. मैदान कुठलं ते सांगायला हवंय का?

निवड झाल्यावर तुमचं काम थोडं हलकं होतं. विमानतळावरचा फोटो येईल, गळ्यात केशरी मफलर, ३४ अंश उन्हात. पहिल्या मुलाखतीत तो आक्रमक फुटबॉल, स्थानिक पोरं आणि गोव्याची माणसं किती प्रेमळ, या तीन गोष्टी बोलेल. तुम्ही ‘हा वेगळा वाटतो’ असं म्हणायचं. पहिल्या विजयानंतर त्याला शीतकडी आवडते अशी बातमी येईल, ती पुढं पाठवायची. पहिल्या बरोबरीनंतर ‘बदली खेळाडू उशिरा उतरवले’ म्हणायचं. पहिल्या पराभवानंतर काय म्हणायचं हे शिकवायची गरज नाही, ते रक्तात असतं. तीन सामने द्यावेत. चौथा दिला तर लोक तुम्हाला क्लबाकडून फुकट पास मिळतो की काय, असं विचारू लागतील.

आणि सामना पाहताना एक सवय लावून घ्या. आपण एका गोलनं पुढं आहोत, ८६वं मिनिट चाललंय, खालच्या रांगेतला एक जण हेल्मेट हातात घेऊन उठतोय. त्याला खाली बसवा. घरी फोन करू नका. मैदानाकडे फार बघू नका, व्हायचं ते होईल. त्यापेक्षा समोरच्या डगआऊटजवळ हात बांधून उभ्या असलेल्या त्या माणसाकडे नीट बघून ठेवा. चेहरा ओळखीचा करून घ्या. दोन वर्षांनी विमानतळावर त्याच्या गळ्यात मफलर घालायला आपल्यालाच जायचंय.