केडलस्टन: आरोप अर्धा मान्य

नमस्कार. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या केडलस्टन हॉल या वाड्यावर मी लेख लिहिला आणि बांधकामाचं सगळं श्रेय वास्तुविशारद रॉबर्ट ॲडमला दिलं. तो वाचून 'आपल्याच लुटीवर उभ्या राहिलेल्या वाड्याची एवढी आरती कशाला? शिवाय तो एकट्या रॉबर्ट ॲडमने बांधलेला नाही,' असं तुम्ही सुनावलंत.

दुसरा मुद्दा आधी, कारण तिथे मी सपशेल चुकलो. १७५९ साली काम सुरू झालं ते मॅथ्यू ब्रेटिंगहॅम या वास्तुविशारदाच्या आराखड्यावर. मग जेम्स पेन आला आणि ॲडमचा नंबर त्याच्यानंतर. दर्शनी बाजू बरीचशी पेनचीच आहे. ॲडमचा हात पाहायचा तर मागे जा, तिथे त्याने रोमच्या कॉन्स्टंटाइन कमानीचा घाट भिंतीवर चढवलाय. आतला संगमरवरी दिवाणखानाही त्याचा: २५ फुटी २० खांब, भिंतीला एकही खिडकी नाही, उजेड येतो तो छतातून.

लुटीचं मात्र पटत नाही. प्लासी १७५७ची, म्हणून तारखा जुळल्यासारख्या वाटतात खऱ्या. पण वाड्याचं मालक कर्झन घराणं बाराव्या शतकापासून तिथलंच, आणि पैसा मुख्यतः डर्बीशायरच्या जमिनींचा. त्यात तिथल्या रयतेचे हाल झालेच. बागेच्या आड येतं म्हणून अख्खं गाव उठवलं, मागे उरलं ते फक्त चर्च. हिंदुस्थानातल्या पैशाचा वाडा हवा असेल तर सरेमधलं क्लेअरमॉन्ट घ्या. ते क्लाइव्हने बांधून घेतलं.

केडलस्टनशी आपला संबंध आला तो उलट्या दिशेने. गव्हर्नर जनरल वेलस्लीने १७९९ ते १८०३ मध्ये कलकत्त्यात गव्हर्नमेंट हाउस हे आपलं निवासस्थान उभारलं ते केडलस्टनवरून. मूळ वाड्याला चार बाजूंना चार इमारती जोडायच्या होत्या, झाल्या दोनच. कलकत्त्यात मात्र चारही झाल्या! हाच वेलस्ली वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाला बांधून घेत होता, तेव्हा तिकडे गवंडी कामावर होते. पुढे त्याच घराण्यातला लॉर्ड कर्झन १८९९मध्ये व्हाइसरॉय होऊन त्या नकलेत राहायला आला.

आरतीचा आरोप तेवढा मान्य. वाड्यात लेडी कर्झनचा १९०३च्या दिल्ली दरबारातला मोरपिशी झगा आहे. जरीकाम आपल्या कारागिरांचं, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याचा खराखुरा हिरवा पंख टाचलेला. त्याच्याबद्दल मी दोन परिच्छेद लिहिले, कारागिरांबद्दल अर्धी ओळसुद्धा नाही. पेनचं नाव आणि ही ओळ, दोन्ही आज रात्रीच लेखात घालतो.